जमनाबाईच्या डोळ्यांवरची फवारणी

भीमसिंग राठोडनं जमनाबाईला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा आधी तिचं रडणं दिसलं आणि बऱ्याच वेळानं जमनाबाई दिसली.

वैशाखातलं लग्न होतं. दिग्रसकडच्या एका तांड्यावर भीमसिंग वऱ्हाडासोबत आलेला, मिसरूड नुकतं फुटलेलं, फेटा उसना. नवरीला निरोप द्यायची वेळ झाली आणि नवरीची धाकटी बहीण तिच्या गळ्यात पडून ढावलो म्हणू लागली. ढावलो म्हणजे बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी निघताना बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडत रडत गातात ते गाणं. त्यात सूर चुकला तर चालतो, डोळे कोरडे राहिलेले चालत नाहीत. ही धाकटी बहीण म्हणजे जमनाबाई. तिनं पहिला हुंदका काढला आणि, भीमसिंगच्या सांगण्याप्रमाणे, मांडवाशेजारी बांधलेल्या शेळ्या उंचवट्यावर हलवाव्या लागल्या. डफाचं कातडं भिजून त्यातून आवाज निघेना. ज्या विहिरीला होळीपासून पाणी नव्हतं, तिच्यात बादली बुडाल्याचा आवाज आला. पुढं सरकारनं अरुणावती नदीवर धरण बांधलं, त्याची कल्पना एका इंजिनियरला याच लग्नाच्या पंगतीत बसल्या बसल्या सुचली, असं भीमसिंगचं ठाम मत आहे. या हकीगतीत दरवर्षी थोडं पाणी वाढतं. अलीकडं त्यात एक म्हैसही वाहून जाते.

जमनाबाईचं म्हणणं वेगळं आहे. "मी रडून राह्यली होती अन हे जेवून राह्यले होते. बुंदी सरली, तवा कुठी यांले माह्याकडं पाहाची सवड भेटली."

काही असो, भीमसिंगनं त्याच दिवशी ठरवलं की लग्न करीन तर हिच्याशीच. बापानं विचारलं, काय पाहिलं पोरीत? भीमसिंग म्हणाला, "हे बाई मी मेल्यावर चांगली रडीन." मागणी घालायला यापेक्षा मोठं कारण तांड्यात कुणी ऐकलं नव्हतं. लग्न झालं.

भीमसिंग अजून मेलेला नाही, पण जमनाबाईनं त्या कामाचा सराव कधी सोडला नाही. लग्नानंतर ती साखरतळा तांड्यावर आली आणि काही वर्षांत तिथल्या रडण्याचा कारभार तिच्या हातात गेला. लग्न ठरलेली पोर आधी तिच्याकडं ढावलो शिकायला येई. जमनाबाई तिला चुलीपाशी बसवून म्हणे, "पोटातून काढ वं. घशातून तं शेळीबी काढते." मामाच्या गळ्यात पडून कसं रडायचं, काकीच्या गळ्यात कसं, जिच्याशी भांडण आहे त्या वहिनीच्या गळ्यात कसं, याच्या तिच्याकडं वेगवेगळ्या चाली होत्या. कुठल्याही दूरच्या नातेवाइकासाठी तिच्याकडं चार थेंब राखून ठेवलेले असत. ते कपाळाच्या बाजूला लोंबणाऱ्या चांदीच्या टोपल्यांवरून, म्हणजे बंजारा बायांच्या त्या दागिन्यावरून, असे घरंगळत यायचे की पाहणाऱ्याला वाटावं, सोनारानंच ती वाट करून ठेवली आहे.

भीमसिंगचंही नाव होतं, पण फवारणीत. पाठीवर पंप अडकवून कपाशीच्या तासातून, दोन ओळींच्या मधून, तो निघाला की किडे आपणहून वावर सोडतात, असं तो सांगे. त्याचा एक सिद्धांत होता. औषध लागू पडलं नाही म्हणजे औषध खोटं नसतं, फवारणाऱ्याचा हात आखूड असतो. एका साली या सिद्धांतापायी त्यानं आपल्या चुलत भावाच्या कपाशीवर दुप्पट औषध मारलं. दोन दिवसांत सगळी पानं तळलेल्या पापडासारखी वळली. किडे मात्र मेले होते, हे भीमसिंग आजही आठवणीनं सांगतो. चुलत भावानं ते मनावर घेतलं नाही. त्याच्या बायकोनं, गोमलीबाईनं, घेतलं. तेव्हापासून ती भीमसिंगला नावानं हाक मारीत नाही. "डबल डोस आले काय घरी?" असं विचारते.

या गोमलीबाईला ढावलोची फार हौस. तिचा आवाज एसटीच्या हॉर्नसारखा, फाट्यावर म्हटलेलं तांड्यात ऐकू येई. पण डोळे चैतातल्या नाल्यासारखे. ओरडून ओरडून गळ्याच्या शिरा फुगायच्या आणि पदर कोरडाच्या कोरडा घरी जायचा. त्यामुळं जमनाबाई पुढं असेपर्यंत तिला दुसऱ्या रांगेत उभं राहून रडावं लागे, आणि दुसऱ्या रांगेतलं रडणं कुणी मोजत नाही.

असं सगळं सुरळीत चालू असताना भीमसिंगच्या नातीचं, समीक्षाचं, लग्न ठरलं.

समीक्षा यवतमाळला नर्सिंग शिकून तिथंच नोकरीला लागलेली. मुलगा महागावकडचा, रजत पवार, बँकेत. मुहूर्त वैशाखाचा. नवरीची दादी जिवंत असली की ढावलोचा पहिला हुंदका तिचा, मग बाकीच्यांचा, असा तांड्याचा रिवाज. जमनाबाई या हुंदक्याची वाट समीक्षा पाळण्यात होती तेव्हापासून पाहत होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरींसाठी रडून झालं, आता घरचं काम होतं.

आणि दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत, तिचे डोळे कोरडे पडले.

आधी नुसती चुरचुर. मग वाळू घातल्यासारखं. सकाळी पापण्या उघडताना टचकन काही तरी फाटल्यासारखं व्हायचं. चुलीचा धूर लागला तरी पाणी येईना. कांदा चिरून पाहिला. दोन कांदे चिरले. शेवटी भीमसिंगच्याच डोळ्यांतून धारा लागल्या आणि जमनाबाई कोरड्या डोळ्यांनी त्याच्याकडं पाहत राहिली.

भीमसिंग दिग्रसला गेला आणि औषधाच्या दुकानातून एक बाटली घेऊन आला. दुकानदारानं सांगितलं होतं, हे नकली अश्रू आहेत, कोरड्या डोळ्यांत टाकतात. भीमसिंग रस्ताभर ती बाटली उन्हात धरून पाहत होता. ज्या बाईच्या रडण्यावर धरणं बांधली गेली, तिच्यासाठी आसवं बाटलीतून आणायची पाळी यावी, याचं त्याला वाईट वाटलं. आणि आसवं बाटलीतून मिळतात, याचं नवलही वाटलं.

पहिला थेंब पडला आणि जमनाबाईनं सुस्कारा सोडला. "थंड वाटलं, अवो."

तो सुस्कारा घातक ठरला. भीमसिंगला वाटलं, लागू पडलं. तासाभरानं पुन्हा चुरचुरलं तेव्हा वाटलं, हात आखूड पडला. बाटलीवर दिवसातून किती वेळा टाकायचं ते छापलेलं होतं, पण भीमसिंगनं उभ्या आयुष्यात औषधाच्या डब्यावरचा मजकूर वाचलेला नव्हता. त्यानं मोबाइलमध्ये तासातासाचा गजर लावला. गजर झाला की तो बाटली घेऊन निघे. जमनाबाई वावरात कापूस वेचत असो, पिठाच्या गिरणीत असो, कुणाच्या दारात बसून तिसऱ्याच कुणाची उणीदुणी काढत असो, भीमसिंग समोर उभा राहून म्हणे, "मान वर कर." एकदा तर तो मयतीला येऊन उभा राहिला. मयताच्या घरच्यांना वाटलं, याच्या बायकोला शोक आवरेना म्हणून काही औषध देतो आहे. त्यांना बरं वाटलं.

जितके थेंब पडत, तितकी चुरचुर वाढे. जितकी चुरचुर वाढे, तितके थेंब पडत. एक बाटली संपली, दुसरी आली. दुसरीनं भागेना तेव्हा भीमसिंगनं दुकानदाराकडून "जरा घट्ट" औषध मागून आणलं. ते गोंदासारखं चिकट होतं.

माघात शेजारच्या घरी लग्न निघालं. जमनाबाईचे डोळे तोवर इतके लाल झाले होते की नुसतं पाहून कुणालाही वाटावं, बाई आठवडाभर रडते आहे. पण आत टिपूस नव्हतं. निरोपाची वेळ आली, तेव्हा ती मांडवामागं गेली, भीमसिंगनं ते घट्ट औषध दोन्ही डोळ्यांत भरपूर ओतलं, आणि ती पळत येऊन नवरीच्या गळ्यात पडली. सुरुवात झकास झाली. गालांवरून ओघळ आले. बाया हळहळल्या. पण माघातला कोरडा वारा होता. ते घट्ट औषध पापण्यांवर आणि गालांवर वाळलं, आणि वाळल्यावर त्याचे पांढरे पट्टे उमटले. टोपल्यांवर पांढरे ठिपके, पापण्यांच्या टोकांना पांढरे गोळे.

गोमलीबाईनं दुसऱ्या रांगेतून निरखून पाहिलं. मग एसटीच्या आवाजात विचारलं, "जमना, डोळ्यानं दही खाल्लं काय वं?"

ढावलो चालू असताना मांडव हसला. असं त्या तांड्यात कुणाच्या आठवणीत झालं नव्हतं. नवरीसुद्धा हसली, आणि मग तिला परत रडवायला बराच वेळ गेला.

गोमलीबाई एवढ्यावर थांबली नाही. पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "समीच्या लग्नात पह्यला हुंदका मी काढते. घरात कोनी तं ओलं पाह्यजे."

घरी येऊन जमनाबाई भिंतीकडं तोंड करून बसली, कारण उजेड डोळ्यांना सोसत नव्हता. भीमसिंगनं जवळ जाऊन गजर बंद केला. ती म्हणाली, "माही नात जाईन अन मी दगडावाणी उभी राहीन. लोक म्हनतीन, म्हातारीले मायाच नाई."

भीमसिंगनं आयुष्यात पहिल्यांदा बाटलीवरचं वाचायला घेतलं. अक्षरं फार बारीक होती. त्यानं समीक्षाला फोन लावला.

समीक्षा आली ती सरळ लढाईच्या आवेशात. तिनं रिकाम्या बाटल्यांची रांग पाहिली, आजोबाकडं पाहिलं. तांड्यात आजोबाला दादा म्हणतात. ती म्हणाली, "दादा, हे दादीच्या डोळ्यात टाकलं का कपाशीवर मारलं?"

"लागू पडून नव्हतं राह्यलं," भीमसिंग म्हणाला.

"चला दोघंबी."

दिग्रसला डोळ्यांच्या डॉक्टरीण होत्या, दीपमाला मुनेश्वर. मूळच्या घाटंजीकडच्या, बापाचं वावर होतं, लहानपणी कापूस वेचलेल्या. त्यांनी जमनाबाईची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर ठेवली, पापणीला रंगाची एक कागदी पट्टी लावली आणि निळा दिवा पेटवला. बाजूच्या पडद्यावर जमनाबाईचा डोळा परातीएवढा दिसू लागला.

भीमसिंग खुर्चीवरून उठून पुढं आला. पडद्यावर काळसर निळ्या बुबुळाच्या खालच्या अर्ध्या भागात हिरवे ठिपके चमकत होते. बारीक, दाट, मधेमधे एकमेकांत मिसळून डाग झालेले. मग त्याचा आवाज एकदम उतरला.

"मॅडम, हे तं झटका बसल्यावाणी दिसून राह्यलं."

"कशाचा झटका, आजोबा?"

"औषधाचा. गोमलीच्या कपाशीले बसला होता तसा."

डॉक्टरीणबाईंना गोमली कोण ते माहीत नव्हतं, पण कपाशी माहीत होती. त्यांनी समीक्षाकडं पाहिलं. समीक्षानं पिशवीतून बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. डॉक्टरीणबाईंनी एकेक बाटलीवरचं वाचलं.

"हे कोणी टाकलं?"

"मीच टाकलं," भीमसिंग म्हणाला. "टायमावर टाकलं. एकबी गजर चुकवला नाई."

"आजोबा, तुम्ही चुकवला असता तर बरं झालं असतं." मग त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा डोळ्यापुढचा काचेसारखा पडदा. याच्या वरच्या थरात बारीक पेशी असतात, अंगणातल्या फरशीसारख्या एकीला एक चिकटून बसलेल्या. त्या शाबूत असल्या की हा रंग आत शिरत नाही, घसरून जातो. जिथं पेशी मेल्या, उखडल्या, तिथं रंग मुरतो आणि असा चमकतो. हे हिरवं दिसतंय ना, तितकी फरशी उखडली."

"पन ते तं आसू होते," भीमसिंग म्हणाला. "आसवानं काहून उखडन?"

"आसवानं नाही उखडली. बाटली एकदा उघडली की महिनाभर वापरतात, मग तिच्यात जंतू होऊ नयेत म्हणून एक औषध घातलेलं असतं. ते जंतूच्या सालीला भोक पाडतं. पण जंतू कोणता आणि जमनाबाई कोण, हे त्याला कळत नाही. ते पेशींचीही साल सोलतं. दिवसातून तीन-चार वेळा टाकलं तर डोळा सोसतो. आपली आसवं ते धुऊन नेतात. पण आजीच्या डोळ्यात धुवायला पाणीच कमी, वयानं, वाऱ्यानं. आणि वरून तुम्ही तासाला मारताय. औषध खोटं नव्हतं, आजोबा."

भीमसिंगचा सिद्धांत इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून अर्धा खरा ठरला होता, आणि उरलेल्या अर्ध्यानं घात केला होता. हात आखूड नव्हता. हात फार लांब होता.

जमनाबाई हनुवटी पट्टीवर ठेवून सगळं ऐकत होती. तिथून न हलता ती म्हणाली, "मंजे यांनी माहा डोळा फवारला."

"फवारला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"किडे मेले काय पन?"

डॉक्टरीणबाई हसल्या. मग म्हणाल्या, "आजी, कपाशीची गोष्ट वेगळी. या पेशी पुन्हा फुटतात. कडेनं नवा फुटवा येतो आणि सरकत सरकत मधे येऊन बसतो. फक्त त्याला झटका द्यायचा नाही." त्यांनी एक पट्टा काढून दिला. त्यात करंगळीच्या पेरापेक्षाही छोट्या प्लास्टिकच्या नळ्या एकीला एक जोडलेल्या होत्या. "यातही अश्रूच आहेत, पण टिकवायचं औषध नाही. म्हणून एक नळी तोडली की तेवढ्यापुरती वापरायची आणि उरलेलं फेकून द्यायचं. ठेवायचं नाही. आणि टाकायचं काम आजोबांनी करायचं नाही."

भीमसिंगचं फवारणी खातं त्याच ठिकाणी काढून घेण्यात आलं आणि समीक्षाकडं गेलं. तिनं लग्नासाठी सुटी साठवून ठेवली होती, त्यातली काही दादीच्या डोळ्यांवर खर्च केली. यवतमाळच्या दवाखान्यात नोकरीवर परत गेली की मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल करून सांगे, कसं टाकायचं, किती टाकायचं. फोन भीमसिंगनं धरायचा, नळी जमनाबाईनं स्वतः पिळायची. भीमसिंगला नळीला हात लावायची परवानगी नव्हती. त्याला फक्त ती फेकायला मिळे.

आणि तेच त्याला जमेना. नळीत अर्धं औषध शिल्लक असताना ती उकिरड्यावर फेकायची, हे त्याच्या जन्माच्या संस्कारात बसत नव्हतं. पंपाच्या तळाशी राहिलेलं औषधसुद्धा बांधावरच्या एरंडीला मारणारा माणूस तो. पहिल्या आठवड्यात त्यानं उरलेल्या नळ्या कापसाचे बोळे लावून फळीवर उभ्या करून ठेवल्या. कापूस घरचाच होता, त्याला तोटा नव्हता. समीक्षानं व्हिडिओत मागं ती रांग पाहिली आणि दादाला असं काही झाडलं की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. त्यानंतर उरलेले थेंब म्हाताऱ्या शेळीच्या डोळ्यांत जाऊ लागले. वैशाखापर्यंत त्या शेळीची नजर अशी टवटवीत झाली की ती बांधावरूनच गोमलीबाईच्या परसातली मेथी हेरू लागली.

चैतात डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रंग टाकला, पुन्हा निळा दिवा लावला. भीमसिंगनं पडद्याकडं पाहिलं. बुबुळ पावसानंतरच्या आभाळासारखं स्वच्छ होतं. कडेला दोन-तीन ठिपके होते, तेही शोधावे लागले. भीमसिंगला वाटलं, आपण आयुष्यात एवढं स्वच्छ वावर पाहिलं नाही.

"फरशी बसली?" त्यानं विचारलं.

"बसली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

जमनाबाईनं मात्र आपल्या कामाचं विचारलं. "मॅडम, आता दुखत नाई. चुरचुरबी गेली. पन रडू नाई येऊन राह्यलं. नातीच्या लग्नात येईन ना?"

डॉक्टरीणबाईंनी दिवा बंद केला. "आजी, डोळा ओला ठेवायचं पाणी वेगळं असतं आणि रडायचं पाणी वेगळं. पडदा बरा झाला, एवढं मी सांगते. रडू कधी येईल, ते या यंत्रात दिसत नाही."

परत येताना एसटीत जमनाबाई खिडकीशी बसली होती. बाहेर ऊन रखरखत होतं, आणि ती उघड्या डोळ्यांनी त्याच्याकडं पाहत होती. भीमसिंगला तेवढ्यानंच भरून आलं. पण जमनाबाईच्या मनात एकच होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. गोमलीबाईनं लग्नासाठी नवी काचळी, म्हणजे आरशांची चोळी, शिवायला टाकली होती.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडव भरला, डीजे वाजला, जेवणं झाली. समीक्षानं आधीच जाहीर केलं होतं की ती रडणार नाही. मेकअपवाली यवतमाळहून आणली होती, आणि सासर काही काळ्या पाण्यावर नव्हतं. निरोपाची वेळ आली तशी डीजे बंद झाला आणि बाया गोल उभ्या राहिल्या. गोमलीबाई नव्या काचळीत पहिल्या रांगेच्या बरोबर मागं, खाकरून तयार.

भीमसिंगनं खिशातून एक नळी काढली आणि हळूच जमनाबाईच्या हाताला लावली. चोरून ठेवलेली होती.

"घे. कोनी पाहून नाई राह्यलं."

जमनाबाईनं ती परत त्याच्या मुठीत कोंबली. "नको. आलं तं आलं. नाई तं गोमली हायेच."

ती पुढं झाली आणि समीक्षाच्या गळ्यात हात टाकून तिनं पहिला हुंदका काढला. आवाज जुनाच होता, पोटातून आलेला. पण डोळे कोरडे होते. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. बायांचे डोळे जमनाबाईच्या गालांवर. गोमलीबाईनं एक पाऊल पुढं टाकलं. भीमसिंगनं मुठीतली नळी इतकी दाबली की ती फुटली आणि त्याच्या हाताला ओल आली.

आता नवरीनं उत्तर द्यायचं असतं. आपण मागं काय सोडून चाललो, ते ढावलोच्या चालीत जोडून म्हणायचं असतं. गाय, अंगण, पाणवठा, काय असेल ते. समीक्षाला जुन्या ओळी दादीनंच शिकवल्या होत्या, पण ऐन वेळी तिला गाय आठवेना आणि पाणवठाही आठवेना. तांड्यात नळ येऊन बरीच वर्षं झाली होती. मग दादीच्या कानाशी तोंड नेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, तिनं चाल धरली:

"दादी वं, मी चालली महागावच्या वाटेनं,
तुह्या डोळ्यात थेंब आता टाकीन कोन?
दादाच्या हाती देऊ नको वं दादी,
दादाचा हात लांब, तो डबल डोस देईन..."

मांडवात आधी हसू उमटायला लागलं होतं. ते उमटता उमटता मोडलं. कारण शेवटच्या शब्दावर, मुळीच न रडणाऱ्या समीक्षाचा आवाज फुटला. आणि जमनाबाईनं डोळे मिटले, उघडले, आणि पाणी आलं.

आधी एक थेंब, चाचपडत, जुनी वाट आठवत. मग दुसरा. मग काही विचारायची सोय राहिली नाही. टोपल्यांवरून घरंगळत, हनुवटीवरून टपटपत, समीक्षाच्या यवतमाळच्या मेकअपवर पडत ते वाहू लागलं. स्वच्छ, पातळ, दह्याचा मागमूस नसलेलं पाणी. महिनोन् महिने साठलेलं सगळं एकदम आलं. जमनाबाईनं मामासाठीचं, काकीसाठीचं, राखून ठेवलेलं सगळं त्याच गळ्यात ओतलं. डीजेवाला टोपी काढून रडू लागला. रजतचा बाप रडला, आणि मुलाच्या बापानं रडायचं नसतं हे आठवून पुन्हा रडला. फोटो काढणाऱ्यानं कॅमेरा पुसला, मग डोळे पुसले, मग नाद सोडला.

आणि गोमलीबाईचं पाऊल जिथं पडलं होतं तिथंच राहिलं. ती पापडासारखी वळलेली कपाशी विसरली, पहिला हुंदका विसरली, आणि चैतातला तो नाला पहिल्यांदाच वाहिला. भीमसिंग शेजारीच होता. तिनं त्याच्या उपरण्याला नाक पुसत म्हटलं, "डबल डोस, तुमची नात लई वाईट हाये."

भीमसिंग स्वतःच वाहत होता. जमनाबाईनं समीक्षाच्या खांद्यावरून त्याच्याकडं पाहिलं. डोळे लाल होते, पण आता ते रडून लाल होते, आणि त्यांत अशी काही ऐट होती की भीमसिंगला बुंदीच्या पंगतीतली ती धाकटी बहीण पुन्हा दिसली. त्या दिवशी त्यानं जे पाहिलं होतं त्यात एक म्हैस वाहून गेली होती. या वेळी, तो आता सांगतो, डीजेचे दोन स्पीकर आणि मेकअपवालीची पूर्ण पेटी गेली. अरुणावतीचे दरवाजे उघडावे लागले. तांड्यात कुणी त्याला खोटं म्हणत नाही, कारण सगळेच तिथं होते आणि सगळ्यांनाच धूसर दिसत होतं.

गाडी फाट्यावरून वळेपर्यंत ढावलो चालला. तांड्यानं एकमतानं ठरवलं की असं रडणं परत होणार नाही.

आषाढात रजतची बदली दिग्रसच्या शाखेत झाली. दोघांनी तांड्याच्या फाट्यावरच खोली घेतली. थेंब समीक्षाच टाकते.